काका पहिल्याच रांगेत बसले होते: पुण्यातल्या एका एआय कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

सहकारनगरमधल्या एका विरंगुळा केंद्रात गेल्या वर्षी जूनमध्ये मी जनरेटिव्ह एआयच्या, म्हणजे मजकूर, चित्रं, आवाज स्वतः तयार करणाऱ्या यंत्रांच्या धोक्यांवर व्याख्यान दिलं. ऑगस्टमध्ये त्याच जागी, बऱ्याच अंशी त्याच माणसांबरोबर चार बैठकांची कार्यशाळा घेतली. या दोन्हींमध्ये काय झालं, त्याची ही नोंद. सोसायट्या, गणेश मंडळं, बचत गट, शाळा, सगळीकडून हल्ली अशा कार्यक्रमांची मागणी येते आणि बहुतेक ठिकाणी व्याख्यानावरच भागवलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सहभागी झालेल्यांना विचारून लिहिते आहे; नावं कुणाचीच देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. विरंगुळा केंद्र घरापासून पाच मिनिटांवर आहे आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सेक्रेटरी काकू मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी बोलावलं, मी गेले.

व्याख्यान

पुण्याला व्याख्यानांची सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. बोलणाऱ्याने बोलायचं, ऐकणाऱ्यांनी ऐकायचं, शेवटी दोन प्रश्न, आभार आणि चहा, हा साचा इथे प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला आहे. मीही त्याच साच्यात बोलले. चाळीस मिनिटं, तीस स्लाइड.

त्यात सगळं होतं. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाखवून दिलं की आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना हिचा चेहरा दुसऱ्याच मुलीच्या व्हिडिओवर चढवला गेला. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर आपले वरिष्ठ आणि सहकारी पाहिले, त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि नंतर कळलं की कॉलवरची ती सगळी माणसं बनावट होती. मग मी बनावट व्हिडिओ ओळखायच्या खुणा सांगितल्या: हाताची बोटं मोजा, पापण्या लवतात का बघा, ओठ आणि शब्द जुळतात का बघा. पोलीस असल्याचं सोंग करून माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवतात तो ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कायद्यात कुठेही नाही, हे सांगितलं. फसवणूक झाली तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक लगेच लावा, हेही सांगितलं.

पहिल्या रांगेत एक काका बसले होते. त्यांनी वहीत १९३० लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. शेवटी मी म्हणाले, “इतकी माहिती उपलब्ध असताना चांगली शिकलेली माणसंसुद्धा फसतात, याचं मला फार आश्चर्य वाटतं.” लोक हसले. टाळ्या झाल्या.

पुढच्या महिन्यात दोन गोष्टी समजल्या. सेक्रेटरी काकूंनी त्या तक्रार म्हणून सांगितल्या नव्हत्या, बोलता बोलता निघाल्या.

पहिली पाण्याची. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, ही पुण्यात नेहमीची बाब. तशी महापालिकेची सूचना संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्यावर एकाने लिहिलं, “हे एआयनं केलेलं दिसतंय, मॅडमनी सांगितलं होतं ना.” आणखी तिघांनी अंगठे दाखवले. चार घरांनी पाणी भरलं नाही. गुरुवारी शेजाऱ्यांकडून कळशा आणाव्या लागल्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मला ते किरकोळ वाटलं नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. आमच्यापासून ते काही लांब नाही. उद्या तशा वेळी खरा इशारा आला आणि लोकांनी तो ‘एआय’ म्हणून बाजूला सारला, तर त्याला जबाबदार कोण?

दुसरी तेलाची. एका आजींनी फेसबुकवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पाहिली. एक प्रसिद्ध डॉक्टर स्वतः त्या तेलाची शिफारस करत होते. आजींनी बोटं मोजली, पाचच्या पाच होती. पापण्या लवत होत्या. ओठ जुळत होते. म्हणून त्यांनी दोन बाटल्या मागवल्या. व्हिडिओ बनावट होता.

पापण्यांची ती खूण मुळात २०१८ ची आहे. त्या वेळच्या डीपफेकमध्ये, म्हणजे एआयने केलेल्या बनावट व्हिडिओंमध्ये, चेहऱ्यांच्या पापण्या नीट लवत नाहीत, हे अमेरिकेतल्या संशोधकांच्या लक्षात आलं होतं. ते जाहीर झाल्यावर थोड्याच काळात बनवणाऱ्यांनी ती उणीव भरून काढली. एआयच्या चित्रांत हाताला दिसणाऱ्या सहा बोटांचंही तसंच झालं. मी आजींच्या हातात जुनं वजनमाप दिलं आणि त्यांनी प्रामाणिकपणे त्याने तोलून खोटा माल घेतला. व्याख्यानाला आल्या नसत्या तर कदाचित मुलाला विचारून घेतलं असतं.

म्हणजे एका व्याख्यानातून दोन उलट चुका झाल्या. खरं होतं ते खोटं ठरलं आणि खोटं होतं ते खरं. माहिती कमी पडली असं मला वाटत नाही. ती माहिती वापरून बघायची संधी कुणाला मिळाली नव्हती, आणि वापरताना चुकलं तर ते सांगायची जागाही नव्हती.

नवी मांडणी

कार्यशाळेसाठी तीन प्रकारची माणसं एकत्र आणली: संघाचे ज्येष्ठ, धनकवडीच्या एका बचत गटातल्या बायका आणि माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. सगळे मिळून पंचवीसच्या आत. दर शनिवारी दीड तास. तिघातिघांचे गट, प्रत्येक गटात तिन्हीकडचं एकेक माणूस आणि एकच फोन.

फोन कुणी धरायचा, यावरून पहिल्या दहा मिनिटांतच एक नियम करावा लागला. मुलं सवयीने “द्या आजी, मी करून देतो” म्हणत फोन हातातून काढून घेत होती. मग ठरलं की फोन गटातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात राहील. बाकीच्यांनी तोंडाने सांगायचं, बोट लावायचं नाही. वेळ तिप्पट लागला. पण स्वतःच्या बोटांनी केलेलं पुढच्या शनिवारी आठवत होतं.

पहिला शनिवार: तुमच्या विषयातलं विचारा

पहिल्या बैठकीचं काम एवढंच होतं. जे तुम्हाला झोपेतही बरोबर सांगता येईल, तेच चॅटबॉटला मराठीत विचारा.

बचत गटातल्या एक ताई दिवाळीत चकलीची भाजणी विकतात. त्यांनी भाजणीची कृती विचारली. उत्तर सुबक आलं, प्रमाणासकट, क्रमवार. फक्त धान्यं धुऊन, वाळवून थेट दळायला सांगितली होती. ताई म्हणाल्या, “अहो, भाजलीच नाही तर भाजणी कशी?” शिवाजीनगर कोर्टात आयुष्यभर कारकुनी केलेल्या एका काकांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालचा एका मुद्द्यावरचा निवाडा मागितला. वादी, प्रतिवादी, साल, खंड, पान क्रमांक, सगळं हजर झालं. काकांनी तसला निवाडा कधी ऐकला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी ओळखीच्या वकिलांकडे पुस्तकात पाहिलं. त्या पानावर भलताच खटला होता. ते सांगताना ते म्हणाले, “खोटं बोलणारा साक्षीदार अडखळतो. हा पान नंबर सांगतो.” वारी करणाऱ्या एका आजोबांनी अभंगाचा एक चरण देऊन बाकीचा मागितला. यंत्राने अभंग पुरा केला, शेवटच्या चरणात कवीची मुद्राही घातली. आजोबा बराच वेळ फोनकडे बघत राहिले. ते चरण त्या अभंगात नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण कानाला ते खोटे लागत नव्हते.

असं का होतं, हे मी तांत्रिक भाषेत सांगायला लागले आणि अडकले. मदतीला आल्या मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या म्हणाल्या, “समस्यापूर्ती.” जुन्या काव्यसभांमध्ये एक ओळ देत आणि कवीने तिच्यावर श्लोक पुरा करायचा. वृत्त सांभाळलं, यमक जुळलं, ओळ चपखल बसली की वाहवा. त्यात सांगितलेलं खरंच घडलं का, हे कुणी विचारत नसे. मला याहून चांगली उपमा अजून सापडलेली नाही. हे यंत्र अफाट मजकुरावरून शिकतं की अशा शब्दांनंतर बहुधा कोणते शब्द येतात, आणि त्या हिशोबाने पुढचा तुकडा जोडत जातं. निवाडा मागितला की निवाड्यासारखं दिसणारं काहीतरी येतं. मराठीत ही जोखीम वाढते, कारण शिकायला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा.

कोर्टातल्या काकांसाठी मी न्यूयॉर्कचं प्रकरण सांगितलं. २०२३ मध्ये तिथल्या दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न तपासता कोर्टात दाखल केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. हीच हकिगत जूनच्या व्याख्यानात सांगितली असती तर गंमत म्हणून ऐकली गेली असती. आता तिच्या आधी काकांचा स्वतःचा निवाडा होता.

शेवटी भाजणीवाल्या ताईंनी जो प्रश्न विचारला, तो माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हता. “मला भाजणी कळते म्हणून चूक कळली. सासूबाईंच्या शुगरच्या गोळीचं विचारलं असतं, तर मला काय कळलं असतं?” त्यांनी तसं आधी विचारलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजत होतं. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावर बोललो.

दुसरा शनिवार: आवाज

संघातल्या एका आजोबांनी लेखी परवानगी दिली होती. त्यांनी ग्रुपवर पाठवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या रेकॉर्डिंगवरून एका विद्यार्थ्याने त्यांच्या आवाजाची नक्कल तयार केली. आजोबांच्या पत्नी समोर बसलेल्या. स्पीकरवर आजोबांचा आवाज आला: नाव घेऊन हाक, मग “माझा अपघात झाला आहे, तातडीने पैसे पाठव.”

आजी म्हणाल्या, “आवाज ह्यांचाच. पण हे मला चाळीस वर्षांत कधी नावाने हाक मारत नाहीत. ‘अगं, ऐकलंस का’ म्हणतात.”

सगळ्यांना हायसं वाटलं. घरातली भाषा यंत्राला कुठून कळणार? विद्यार्थ्याने लॅपटॉपवर वाक्य बदललं. काही मिनिटांनी स्पीकरवर तोच आवाज आला: “अगं, ऐकलंस का…”

आजींनी आजोबांचा हात धरला. आजोबा शेजारीच बसले होते, तरीही. आम्ही थांबलो, चहा घेतला, आणि ती फाइल सगळ्यांसमोर पुसून टाकली. फाइल पुसणं हा मला या बैठकीचा अत्यावश्यक भाग वाटतो. ज्याचा आवाज वापरला, त्याने ती जाताना बघितली पाहिजे.

यानंतर ‘ओळखायचं कसं’ हा प्रश्न आपोआप मागे पडला. ओळखण्याच्या नादी लागायचंच नाही. फोन ठेवायचा आणि आपल्याकडे साठवलेल्या नंबरवर आपण उलटा फोन लावायचा. ‘उलटा फोन’ हे नाव गटानेच दिलं. विद्यार्थ्यांनी घरात परवलीचा शब्द ठरवायचं सुचवलं. बऱ्याच जणांनी तो ठरवलाही. पण एक आजी स्पष्ट म्हणाल्या, “नातू रडत असताना मला माझं नाव आठवायचं नाही, शब्द कुठला आठवतोय.” मला त्यांचं पटलं. घाबरलेल्या माणसाला काही आठवून सांगावं लागेल, असा उपाय कच्चाच.

उलट्या फोनलाही सराव लागतो, हे करून पाहिल्यावर कळलं. एका विद्यार्थ्याने रडणाऱ्या नातवाची भूमिका केली: “फोन ठेवू नकोस गं आजी, इथे पोलीस आहेत.” पहिल्या खेपेला एकाही आजी-आजोबांना फोन ठेवता आला नाही. खोटं आहे हे माहीत असूनही! रडणाऱ्या नातवाचा फोन आपण कापायचा, याला हात धजत नव्हता. मग एक वाक्य तयार केलं: “ठेवते, लगेच उलटा फोन करते.” ते मोठ्याने म्हणायचं आणि म्हणतानाच लाल बटण दाबायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमायला लागलं. नातवाचा फोन लागलाच नाही तर? म्हणून प्रत्येकाने आणखी एक नंबर, त्याच्या मित्राचा किंवा खोलीवर सोबत राहणाऱ्याचा, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. कागदावर. कारण तो फोनमध्ये शोधायला तेव्हा सुचेलच असं नाही.

तिसरा शनिवार: आपण काय देतो

ही बैठक सगळ्यात कमी जमली, म्हणून थोडक्यात सांगते. बचत गटाच्या सचिव ताईंनी कर्जाचा तक्ता करून घ्यायला गटाच्या रजिस्टरचे फोटो चॅटबॉटला दिले होते. त्यात बायकांची नावं, आधार क्रमांक, थकलेले हप्ते, सगळं होतं. एका विद्यार्थ्याने मैत्रिणीचं खाजगी पत्र ‘उत्तर सुचव’ म्हणून चिकटवलं होतं. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं.

कसोटी म्हणून मी सुचवलं: जे मंडळाच्या चौकातल्या फळ्यावर लिहिणार नाही, ते इथेही द्यायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे राहणारे एक आजोबा सोडून. ते म्हणाले, “मॅडम, माझे रिपोर्ट मी फळ्यावर लिहिणार नाही. पण डॉक्टर चार मिनिटं देतात, आणि मुलगा झोपलेला असतो तेव्हा इथे दिवस असतो. मी कुणाला विचारू?” माझा हट्ट पूर्ण मनाईचा होता आणि तो त्यांच्यासाठी निरुपयोगी होता. शेवटी गटाने तडजोड काढली. रिपोर्टवरचं नाव, मोबाइल आणि केस पेपरचा नंबर झाकून फोटो घ्यायचा. शब्दांचा अर्थ विचारायचा. गोळी वाढवायची, कमी करायची की बंद करायची, हे मात्र फक्त डॉक्टरांना विचारायचं. आधार कुठे द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढायचं. ते युआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं, हे खोलीतल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं.

चौथा शनिवार

मुलींच्या फोटोंचा विषय मी मोठ्या खोलीत ठेवला नव्हता. साध्या फोटोवरून अश्लील चित्र बनवणारी ॲप आहेत, हे मुलींना माझ्याइतकंच ठाऊक होतं. बैठकीआधी अर्धा तास फक्त त्यांच्याशी बोलले. कायद्यातली वाट सांगितली: अशा फोटोची, बनावट असला तरी, तक्रार खुद्द त्या व्यक्तीने केली तर समाजमाध्यमांनी तो काढला पाहिजे, आणि २०२१ च्या नियमांनी त्यासाठी २४ तासांची मुदत घातली होती. स्टॉप एनसीआयआय या सेवेत फोटो आपल्या फोनमधून बाहेर जातच नाही. फोनवरच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो, तोच सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारं चित्र अडवलं जातं. ती अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. लहानांसाठी तशीच दुसरी सेवा आहे, टेक इट डाऊन.

एक मुलगी ऐकत होती. ती म्हणाली, “मॅडम, हे सगळं मी करीन. पण माझी पहिली भीती वेगळीच आहे. घरी कळलं तर बाबा फोन काढून घेतील. कदाचित कॉलेजही बंद. म्हणून मी आधी पैसे देऊन मिटवायला बघीन.”

तिला विचारून मी ते वाक्य चिठ्ठीवर लिहिलं आणि मोठ्या बैठकीत, नाव न घेता, वाचून दाखवलं. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून घरासाठी नियम लिहायचे होते. कार्डशीट टेबलावर पसरलेली, स्केचपेनं तयार.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते काका बोलले, जूनमध्ये पहिल्या रांगेत बसलेले.

“माझंही असंच आहे,” ते म्हणाले. “माझे ३८ हजार गेले. पुतण्याच्या आवाजात फोन आला, गाडी ठोकली म्हणून. मी दोन वेळा पाठवले.” कधी, असं कुणीतरी विचारलं. “मॅडमच्या भाषणाच्या दोन दिवस आधी.”

म्हणजे मी १९३० सांगत होते तेव्हा त्यांचे पैसे जाऊन दोनच दिवस झाले होते. त्यांनी तो नंबर लिहून घेतला, रेघा मारल्या आणि लावला नाही. सून म्हणेल आता यूपीआय बंद करा, मुलगा फोन स्वतःकडे घेईल, मग पेन्शनच्या पैशांसाठीही हात पसरावा लागेल, म्हणून घरी सांगितलं नाही. आणि तक्रार केली तर पोलिसांचा फोन घरीच येईल. माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, “शिकलेले लोक फसतात याचं आश्चर्य वाटतं, असं तुम्ही म्हणालात. मग म्हटलं, आता इथेही नको सांगायला.”

मी त्यांची माफी मागितली. सगळ्यांसमोर वाक्य बोलले होते, माफीही सगळ्यांसमोर मागायला हवी होती.

१९३० ला वेळेत कळवण्याचा उपयोग का असतो, हे मला ठाऊक होतं. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळतं आणि ज्या खात्यात पैसे पोचले तिथे ते अडवता येतात. पण फसवणारे लोक ते पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने पळवतात, म्हणून तासातासाला शक्यता घटत जाते. हे मी जूनमध्ये अचूक सांगितलं होतं. फक्त ज्या एका माणसाला ते त्याच क्षणी हवं होतं, त्याचा रस्ता मी त्याच भाषणात बंद केला. तो पुतण्याचा आवाज यंत्राने केलेला होता की कुण्या माणसाने नक्कल केली, हे आता कळायला मार्ग नाही. काकांच्या दृष्टीने त्यात फरकही नाही.

त्यानंतरची पाऊण तासाची चर्चा मला सगळ्या उपक्रमात मोलाची वाटते. एकोणीस वर्षांची मुलगी आणि बाहत्तर वर्षांचे काका, दोघांनाही भीती एकाच गोष्टीची होती: सांगितलं तर फोन जाईल, आणि फोनबरोबर मोकळीक. फसवणारा याच भीतीवर जगतो. ‘कुणाला सांगू नकोस’ हे त्याचं वाक्य ठरलेलंच असतं. आपण यंत्र कसं ओळखायचं यावर तास घालवतो आणि घरात सांगायची वाट मात्र तशीच अडलेली राहते. एकट्या ज्येष्ठांची किंवा एकट्या मुलींची बैठक घेतली असती तर हे साम्य कुणालाच दिसलं नसतं, मलाही नाही.

कार्डशीटवर पहिला नियम लिहिला गेला: ‘सांगणाऱ्याचा फोन काढून घ्यायचा नाही.’ त्यावर वादही झाला. एक आजी म्हणाल्या, “पोरांना काही धाकच नको का?” बचत गटातल्या एक ताई, ज्यांची मुलगी बारावीला आहे, गप्प होत्या, त्यांना पटत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. शेवटी वाक्य बदलून असं झालं: ‘पहिल्या दिवशी का, कसं, कुणामुळे हे विचारायचं नाही. शेजारी बसून १९३० लावायचा. बाकी बोलणं दुसऱ्या दिवशी.’ यावर ताईंनीही सही केली. खाली आणखी नियम आले: उलटा फोन, दहा हजारांवरची रक्कम घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगितल्याशिवाय पाठवायची नाही, पाणी, पाऊस, धरणाची सूचना खोटी समजून सोडायची नाही, महापालिकेच्या पानावर बघायची आणि तोवर पाणी भरून ठेवायचं. हा शेवटचा भाग सेक्रेटरी काकूंनी आग्रहाने घातला. भरलेलं पाणी वाया जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

तीन महिन्यांनंतर

नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा भेटलो. त्याआधी, ज्यांनी संमती दिली होती त्यांना महिनाभरात कधीतरी एका विद्यार्थ्याचा खोटा फोन जाईल, असं सांगून ठेवलं होतं. बहुतेकांनी वाक्य म्हटलं, फोन ठेवला आणि उलटा फोन लावला. एका आजींनी आधी त्या मुलाला जेवलास का विचारलं आणि मग ठेवला. असा सराव सूचना न देता करू नये, असं माझं ठाम मत आहे; माणसाला बेसावध पकडून शिकवणं हेही फसवणुकीचंच शिक्षण होतं.

तिसऱ्या बैठकीतलं मात्र फारसं टिकलं नव्हतं. सचिव ताईंनी आधार झाकायला सुरुवात केली होती, पण घाईच्या दिवशी पुन्हा अख्ख्या पानाचा फोटो गेला होता. दर वेळी जास्तीचं काम करायला लावणारा नियम दमलेल्या माणसाकडून पाळला जाणार नाही, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. आता त्यांच्या रजिस्टरमध्ये आधारचा रकानाच वेगळ्या वहीत हलवला आहे. फोटोत यायला तो तिथे नाहीच.

काकांनी चौथ्या बैठकीनंतरच्या सोमवारी मुलाला सांगितलं. मुलगा चिडला, पण दुसऱ्या दिवशी. सोमवारी तो फक्त शेजारी बसला. तक्रार नोंदवली. पैसे परत आलेले नाहीत आणि ते येतील असं कुणी त्यांना सांगितलेलंही नाही. फोन त्यांच्याकडेच आहे.

नवी तुकडी जानेवारीत बिबवेवाडीत सुरू झाली. तिथे सुरुवात मी करत नाही. काका उभे राहतात, आधी रक्कम सांगतात, मग तारीख, मग व्याख्यानाची तारीख. त्या दिवशी चहाच्या वेळी एक बाई त्यांच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “माझं काल दुपारचं आहे.” दोघं जिन्यात गेले. काकांनी नंबर सांगितला, बाईंनी स्वतःच्या फोनवरून लावला, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत ते दोघं तिथेच पायरीवर बसून होते.